नामाभाऊंचं अर्धं मैदान

लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा होता. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा नवरदेव अजून घोड्यावर होता आणि घोडा डीजेच्या टेम्पोमागे अडकला होता. नामाभाऊ पाटलांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, स्टेजवर चढले, दोन रिकाम्या खुर्च्यांवर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि खाली उतरून जेवायला गेले. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते मठ्ठा पिऊन, बडीशेप चघळत घरी निघाले होते. मुलीचा बाप पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलला नाही. नामाभाऊंना त्याचं काही नाही. मला म्हणाले, "बाई, मी आशीर्वाद टायमावर दिला. घ्यायला ते जागेवर नव्हते, त्याला मी काय करू?"

मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिकवते, म्हणून सगळी सोसायटी मला बाई म्हणते. मूळची मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा आजूबाजूच्या मराठी माणसांची ओळख व्हावी म्हणून सासूबाईंनी सत्यनारायण घातला. गुरुजींना यायला उशीर होईल असा निरोप आला. नामाभाऊ दिलेल्या वेळेला आले, मांडून ठेवलेल्या चौरंगाला नमस्कार केला, सरळ स्वयंपाकघरात शिरले, सासूबाईंपुढे हात पसरला आणि देवाच्या आधी प्रसादाचा शिरा खाऊन चालते झाले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "हा माणूस आहे की गजराचं घड्याळ?"

त्यावर नामाभाऊंचं उत्तर ठरलेलं. "संचा कुनासाठी थांबत नाही, बाई."

संचा म्हणजे कापड विणायचा माग. सुरतेत मागाला सगळे संचाच म्हणतात. नामाभाऊ शिरपूरकडचे. मिसरूड फुटायच्या आत धाकट्या भावाचा हात धरून ते इथे आले, बमरोलीच्या एका कारखान्यात बॉबिन भरू लागले आणि शेवटी कडोदऱ्याच्या कारखान्यात पाळीचे मास्तर होऊन निवृत्त झाले. कारखान्यात पाळी बदलायची वेळ झाली की पाळी बदलायची. पुढच्या पाळीचा कारागीर आला नाही तर मास्तर दुसरा उभा करील, पण वाट बघणार नाही. सगळा जन्म हे केल्यावर माणूस घरी आला तरी डोक्यातला भोंगा बंद होत नाही. चहाला जरा उशीर झाला की "चहाची पाळी सुटली" म्हणायचे आणि पाणी पिऊन उठायचे. त्यांच्या पत्नी इंदूबाई फार सोशीक. त्या एकदा मला म्हणाल्या, "मले मरायचं असलं तरी यांना टाईम सांगूनच मरावं लागीन."

दुसरी खोड कापडाची. बोलता बोलता त्यांचा हात समोरच्याच्या शर्टाच्या कोपऱ्याकडे जायचा, आणि अंगठा नि दोन बोटं कापड चोळायला लागायची. बायकांच्या बाबतीत मात्र ते परवानगी घेत. माझ्या आत्यानं मला थेट येवल्याहून पैठणी आणून दिली होती. मी ती मोठ्या हौसेनं नेसले होते. "बाई, जरा पदराचा काठ," असं म्हणून त्यांनी तो चोळला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ही येवल्याला फिरायला गेली आसंल. जन्म हिचा इथला, आपल्या रिंगरोडच्या मार्केटातला." आत्या अजून ते मान्य करत नाही. मीही तिला फार ताणत नाही.

तर अशा या नामाभाऊंनी गेल्या हिवाळ्यात जाहीर केलं की, ते घरामागच्या अंगणात टर्फ टाकणार.

सुरतेत सध्या टर्फचं वेड आहे. मोकळा प्लॉट दिसला की त्याला चारी बाजूंनी जाळी लागते, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत येतं, वर दिवे लागतात आणि बॉक्स क्रिकेट सुरू होतं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला धंदा सुचला. पण नामाभाऊंच्या अंगणात धंदा कसला करणार? आमची सोसायटी जुनी, एकाला एक लागून असलेली घरं, प्रत्येकाला मागे अंगणाचा एक तुकडा. नामाभाऊंच्या शेजारचं घर त्यांच्या धाकट्या भावाचं, एकनाथचं. दोघांनी घरं बरोबरच घेतली तेव्हा मागचं अंगण एकच होतं. आता मध्ये पुरुषभर उंचीची विटांची भिंत होती. भिंत एकनाथनं बांधलेली, म्हणून गिलावा फक्त त्याच्या बाजूनं. नामाभाऊंच्या वाट्याला उघड्या विटा आल्या होत्या. आमच्या घराची पाठ त्यांच्या पाठीला लागून, त्यामुळे माझ्या गच्चीवरून दोन्ही अंगणं दिसतात. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. का बोलत नाहीत ते कोणी विचारत नव्हतं.

टर्फ टाकणारा जिग्नेश नावाचा हसतमुख तरुण होता. "काका, काले सवारे नव वागे पाक्कुं," असं म्हणत सकाळी नऊची वेळ पक्की करून गेला, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला कपचीचा, म्हणजे बारीक खडीचा टेम्पो घेऊन उगवला. फाटकाला आतून कुलूप. नामाभाऊ आतूनच म्हणाले, "नऊची पाळी सुटली. उद्या या." टेम्पो भरलेला परत गेला. पुढच्या दिवशी जिग्नेश दहाला आला. पुन्हा कुलूप. त्यानंतर मात्र तो उजाडताच येऊन पायरीवर बसलेला दिसायचा, आणि इंदूबाई त्याला चहा द्यायच्या. "पोरगा सुधारण्यासारखा आहे," असा नामाभाऊंनी शेरा मारला.

अंगण खणून सपाट झालं, कपची पडली, तिच्यावर रोलर फिरला. मग गवताची भली मोठी गुंडाळी आली. नामाभाऊ तिला गुंडाळी म्हणायला तयार नव्हते. "ताका आला," असं म्हणत ते तिच्याजवळ मांडी घालून बसले आणि प्लास्टिकचं गवत अंगठ्याखाली चोळायला लागले. "रुवां बरा आहे, पाती मऊ आहेत. अस्तर कच्चं वाटतं. पन्हा किती?" जिग्नेशनं पट्ट्या चिकटवून गवत अंथरलं आणि पाती उभी राहावीत म्हणून वरून बारीक रेती पेरायला घेतली, तेव्हा नामाभाऊ कडाडले. "नव्या कोऱ्या कापडावर माती? माझ्या खात्यात असतास तर घरी बसवला असता!" जिग्नेशची समजूत घालायला मला गच्चीवरून खाली उतरावं लागलं.

काम संपलं तेव्हा जेवढं गवत अंथरलं होतं जवळजवळ तेवढंच गुंडाळीत उरलं होतं. जिग्नेश म्हणाला, मी परत घेऊन जातो. नामाभाऊ म्हणाले, "राहू दे. नवं कापड धुतल्यावर आकसतं."

"काका, आ तो प्लास्टिक छे."

"प्लास्टिकचं असो नाहीतर रेशमाचं. आकसतं."

हे सिद्ध करायला त्यांनी एक तुकडा कापून बादलीत भिजत घातला. रोज सकाळी टेप घेऊन तो मोजायचे, आणि आम्हा बघ्यांना मोजून दाखवायचे. तुकडा काही सूतभरही आकसला नाही. "पहिल्या पाण्यात नाही आकसला. दुसऱ्यात आकसंल," असं म्हणून त्यांनी ती गुंडाळी भिंतीच्या कडेला ताडपत्रीखाली झाकून ठेवली. सोसायटीला विषयच मिळाला. भाजीच्या गाडीपाशी, गणपतीच्या मंदिरात, जिथे भेटतील तिथे लोक विचारायचे, "काय नामाभाऊ, आकसलं का?" नामाभाऊ गंभीरपणे म्हणायचे, "नाही अजून. वाट बघतोय." वाट बघतोय हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कोणी कधी ऐकले नव्हते, पण हसण्याच्या नादात ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

खरी गंमत तर पुढेच होती. जिग्नेशनं पांढरे पट्टे मारले ते तीनच बाजूंना. चौथ्या बाजूला भिंत. ते मैदान नव्हतंच, मैदानाचा अर्धा भाग होता.

"काका, सामेवाळो क्यां ऊभो रहेशे?" जिग्नेशनं डोकं खाजवत विचारलं. समोरचा गडी उभा कुठे राहणार, हा प्रश्न आम्हा सगळ्यांचाच होता.

"तुझं काम कापड टाकायचं," नामाभाऊ म्हणाले. "मानूस मी बघतो."

खेळ कोणता, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, रिंग. रबराची कडी जाळीवरून पलीकडे फेकायची, पलीकडच्यानं ती एका हातानं झेलायची आणि परत फेकायची, खाली पडली तर गुण गेला. आमच्या शाळेत मुली खेळतात. बमरोलीला कारखान्याच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत दोन खांबांना सुतळी बांधून हे दोघे भाऊ खेळायचे म्हणे, आणि अख्खी पाळी डबे हातात घेऊन बघायला उभी राहायची. "एकनाथची फेक अशी, बाई, की कडी सुतळीवरून निस्ती तरंगत यायची. हालायची नाही. हालली तर फाऊल. मी एक दिवस जिंकलो नाही त्याच्याशी." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू रोज तेच जिंकत होते. एकनाथचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मैदान तयार झाल्यापासून रोज दुपारी चार वाजता नामाभाऊ पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मागच्या अंगणात यायचे, हातात रिंग घेऊन हिरव्या गवताच्या मधोमध उभे राहायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. फेकायचे नाहीत. नुसते उभे. शाळेत एखाद्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं असतं तसे दिसायचे. थोड्या वेळानं रिंग खुंटीला अडकवून आत जायचे. माझा नवरा म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय. कारखान्यातल्या आवाजानं होतो." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग एके दिवशी इंदूबाई आमच्या गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे पापड, बिबड्या, काढायला आल्या. आमच्या गच्चीवर ऊन जास्त वेळ असतं. खाली नामाभाऊ भिंतीपुढे उभे होते. मी हसत काहीतरी बोलले. इंदूबाई हसल्या नाहीत. हातातली बिबडी तशीच धरून त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी या भावांची आई गावी वारली. नामाभाऊ तेव्हा गावीच होते. एकनाथ सुरतेत पाळीवर होता. त्याला फोन गेला. तो रडत म्हणाला, "दादा, मी निघालोच. मी येईपर्यंत मायला हालवू नका." कोंडाईबारीच्या घाटात त्याची बस बंद पडली. इकडे गावातली जाणती माणसं म्हणू लागली की, आता उशीर नको. नामाभाऊंनी घड्याळ बघितलं आणि उचला म्हणाले. एकनाथ धावत नदीवर पोचला तेव्हा चिता निम्मी जळून गेली होती. त्यानं विचारलं, "दादा, माझ्यासाठी एवढंबी थांबता नाही आलं तुला?"

"आणि हे काय बोलले ठाऊक आहे, बाई?" इंदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तेच. संच्याचं. मायच्या चितेपुढं. वाईट मनानं नाही बोलले. सवयीनं निघालं तोंडातून. पण निघालं."

एकनाथ तेराव्याला थांबला नाही. सुरतेला आला, गवंडी बोलावला आणि भिंत घातली. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही, एवढंच त्यानं भावाला सांगितलं. दोघांच्या बायका मात्र गच्चीवरून एकमेकींना वाटीभर भाजी, मूठभर शेंगदाणे देत राहिल्या, कारण गच्चीत भिंत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर एकनाथला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नामाभाऊ त्याच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापासून परत फिरले. पाय ठेवायचा नाही, हे त्यानं सांगितलेलं होतं, आणि तो शब्द मागे घ्यायला एकनाथच्या तोंडात आता शब्दच उरला नव्हता. डॉक्टरांनी व्यायाम म्हणून हलकंसं काहीतरी फेकायला आणि झेलायला सांगितलं. हे एकनाथच्या बायकोनं, शोभानं, गच्चीवरून इंदूबाईंना सांगितलं. इंदूबाईंनी ते जेवण वाढताना नवऱ्याला सांगितलं.

"ताटावरून उठले," इंदूबाई म्हणाल्या. "हात पन नाही धुतला. मागं जाऊन पावलांनी अंगण मोजायला लागले. आणि ते आकसायचं-बिकसायचं काही नाही हो बाई. ताडपत्रीखाली जे आहे ना, ते भाऊजींच्या बाजूचं आहे. म्हणतात, त्यानं हो म्हटलं की त्याच दिवशी टाकू."

त्यानंतर मला त्या गुंडाळीवरून हसू येईना. कोणी विचारलं, आकसलं का, की मीच विषय बदलायची. पण इंदूबाईंनी गुप्त ठेवायला सांगितलं होतं, म्हणून गप्प राहायची.

पुढे एक दिवस नामाभाऊंनी धीर केला आणि रिंग भिंतीवरून पलीकडे टाकली. टाकली आणि दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले. पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी शोभानं ती रिंग गच्चीवरून इंदूबाईंच्या हातात दिली, आणि चार वाजता नामाभाऊंनी ती पुन्हा टाकली. असं कितीतरी दिवस चाललं. माझ्या गच्चीवरून मला पलीकडचंही दिसायचं. एकनाथ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असायचा, वाळलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. रिंग त्याच्या पायाशी येऊन पडायची. तो तिच्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. पण चार वाजले की खुर्ची मागच्या अंगणात घ्यायला तोच खुणेनं सांगायचा, हे शोभानं मला नंतर सांगितलं.

मग एका दुपारी भिंतीवर आवाज आला. धप्प. एकनाथनं डाव्या हातानं रिंग फेकली होती आणि ती त्याच्याच बाजूनं भिंतीला लागून खाली पडली होती. शोभानं उचलून दिली. पुन्हा धप्प. अलीकडे नामाभाऊ जागच्या जागी ताठ झाले. त्यांना काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. त्यांनी हाक मारली नाही. हात मात्र झेलायच्या तयारीत वर धरले होते. त्यानंतर रोज तो आवाज यायचा आणि रोज नामाभाऊ तसे उभे राहायचे. रिंग काही भिंत ओलांडत नव्हती.

भिंत एकनाथची, तिला हात लावायचा नामाभाऊंना हक्क नव्हता. त्यांनी इंदूबाईंकडून शोभाला विचारलं, आणि शोभानं नवऱ्याला. एकनाथ दोन दिवस तोंड फिरवून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हाताचं बोट भिंतीच्या माथ्याकडे केलं आणि मान हलवली. गवंडी आला आणि वरचे थर काढून गेला. नियमानं जाळीची उंची ठरलेली असते, आणि नियमाचा हा मास्तर त्या दिवशी गवंड्याला म्हणत होता, "अजून एक थर काढ. अजून एक."

भिंत छातीएवढी झाली, आणि दोघा भावांना एकमेकांची तोंडं दिसली. मी कपडे काढायला गच्चीवर आले होते, ती दोरीला धरून तशीच उभी राहिले. एकनाथनं रिंग फेकली. ती डगमगत, वाकडी-तिकडी होत आली आणि भिंत ओलांडून हिरव्या गवतावर पडली. नामाभाऊंना ती सहज झेलता आली असती. त्यांनी हात पुढे केलाच नाही. वाकून ती उचलली, बाहीनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझा गुण गेला."

भावाशी इतक्या वर्षांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. एकनाथ अर्ध्या तोंडानं हसला.

मग ते रोज खेळायला लागले. रिंग रोज डगमगत यायची आणि नामाभाऊ रोज "बरोबर आहे" म्हणायचे. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण त्या दिवसांत ते जसे होते तसे कधी पाहिले नाहीत. भाजीवाल्याकडे रांगेत माझ्यामागे उभे राहिले आणि घड्याळ बघितलं नाही. एकदा फाटकाशी थांबवून मला विचारलं, "बाई, तुम्ही पोरांना शिकवता. आपलं चुकलं, हे सांगायला चांगला शब्द कोणता?"

मी म्हटलं, "चुकलं, हाच."

त्यांनी मान डोलावली. "मग तेच म्हनतो. गुरुवारी. गुरुवारी जिग्नेश येतोय, ती उरलेली भिंत काढायची आणि त्याच्या बाजूला कापड टाकायचं. एकनाथनं मान हालवली, हो म्हनून. सगळं मैदान एक झालं की मधोमध उभा राहून सांगतो."

"आजच सांगा की नामाभाऊ. कशाला गुरुवार?"

"नाही, नाही. गुरुवार ठरलाय."

मंगळवारी पहाटे एकनाथला दुसरा झटका आला आणि तो गेला.

नामाभाऊ बातमी कळताच निघाले ते भावाच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. तिथून पुढे पाय उचलेना. शोभा आतून रडत आली आणि "या दादा, आत या" म्हणाली, तेव्हा आत गेले. माणसं जमत गेली. सतरंज्या कमी पडल्या, तेव्हा जिग्नेशनं, कोणाकडून तरी कळून तो आला होता, ताडपत्री काढली आणि ती गुंडाळी एकनाथच्या अंगणात उघडली. बायका तिच्यावर बसल्या.

एकनाथची एकुलती एक मुलगी मनीषा जळगावला दिलेली. सकाळीच निघाली होती, पण गाडी नंदुरबारच्या अलीकडे रखडली होती. दुपार झाली, दुपार कलली. फोन लागत होता आणि तुटत होता. तिरडी बांधून तयार होती. जाणती माणसं कुजबुजायला लागली की, दिवस मावळायच्या आत न्यायला हवं, किती वेळ ठेवणार. शववाहिनीच्या चालकाला दुसरीकडे जायचं होतं, तो सारखा आत डोकावून जात होता. शेवटी एक वयस्कर गृहस्थ नामाभाऊंजवळ येऊन म्हणाले, "नामाभाऊ, तुम्ही थोरले. तुम्हीच सांगा आता. उचलायचं का?"

नामाभाऊ एकनाथच्या पायाशी जमिनीवर बसले होते. ते म्हणाले, "मनीषा आल्याबिगर हालवायचं नाही. अग्नीबी तीच देईल."

"अहो पण नामाभाऊ, तुम्हीच नेहमी म्हणता ना..." ते गृहस्थ बोलता बोलता अडखळले आणि मागे सरकले.

चालकाला नामाभाऊंनी जायला सांगितलं. दुसरी गाडी मिळेल, नाही मिळाली तर खांद्यावर नेऊ म्हणाले. मी त्यांना पाणी द्यायला गेले. त्यांनी पेला घेतला आणि खाली ठेवला. एकनाथच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडाचा कोपरा त्यांच्या हातात होता, पण ते तो चोळत नव्हते, नुसता धरला होता.

"त्या दिवशीबी ऊन होतं, बाई," ते म्हणाले. "लोक म्हनाले दिवस मावळंल. कुठं मावळत होता? नदीवर लख्ख ऊन होतं. मला थांबता आलं असतं."

त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं, पण वयानं ते मोठे, ठेवला नाही.

दिवस मावळला. गल्लीतले दिवे लागले. जमलेल्यांपैकी काही जण घरी जाऊन परत आले. नामाभाऊ हलले नाहीत. बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि मनीषा उतरून धावत सुटली. तिची एक चप्पल मागेच राहिली, पदर जमिनीवर लोळत होता, आणि धावता धावता ती ओरडत होती, "नेलं का? नेलं का हो?"

नामाभाऊ गुडघ्यांवर हात टेकून उठले. इतकी माणसं असताना कोणाला पुढे होऊ न देता ते एकटे फाटकाबाहेर गेले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"हळू ये माय, पडशीन," ते म्हणाले. "घाई नको करू. तुझ्यासाठी थांबले आहेत सगळे."